बिनचिठ्ठीची खुर्ची

शुक्रवारी दुपारी तपासणीचा अहवाल आला आणि दादा बरे झाले. चाळीस वर्षांचं दुखणं एका कागदाने गेलं. त्याचं सगळ्यात जास्त दुःख दादांनाच झालं.

दुखणं म्हणजे पडी. हा शब्द वैद्यकाच्या कुठल्याही पुस्तकात सापडायचा नाही, तो या घराने स्वतःपुरता घडवलेला. सोफे-खुर्च्यांचा कारखाना ज्यांनी काढला त्या आजोबांना पहिल्यांदा पडी आली. सकाळी उठायला जावं आणि पायांनी सांगावं, आज नाही. डोकं शाबूत, जीभ तर नेहमीपेक्षा शाबूत, पण मानेखालचा माणूस भिजलेल्या गोणपाटासारखा. सहा-सात तासांनी आपोआप अंगात जीव यायचा आणि आजोबा काही झालंच नाही अशा थाटात कामाला लागायचे. जाताना त्यांनी वाटणी अगदी सरळ केली. मुलीला कारखाना दिला, मुलाला पडी.

मुलगी म्हणजे दादांची धाकटी बहीण. टाचणीच्या जन्मापासून तिला अख्खं घर आत्याच म्हणत आलं, खुद्द दादाही. टाचणी ही दादांची एकुलती एक लेक. लहानपणी बारीक होती आणि टोचून बोलायची, म्हणून टाचणी. आता सव्वीस वर्षांची झाली, बारीकपणा गेला.

पडी आली की दादांना खाली दुकानात नेऊन नमुन्याच्या लांब सोफ्यावर निजवायचं, असा आजोबांपासूनचा शिरस्ता होता. त्या दिवशी त्यांना ओझी माफ, भांडी माफ, पाहुण्यांना पोचवायला जाणं माफ. वर्षातून आठ-दहा पड्या खऱ्या येत. बाकीच्या पड्या दादांनी आपल्या पदरच्या घातल्या होत्या. मोठी मेजवानी झाली की भांड्यांच्या ढिगाकडे बघून त्यांना हटकून पडी येई, आणि ढीग संपला की उतरे. वहिनी, म्हणजे दादांची बायको, एकतीस वर्षं भांडी घासत सोफ्यावरच्या नवऱ्याला विचारत आल्या होत्या, “अहो, उशी हवी का?”

आणि आता हा कागद. ‘स्नायूंच्या आनुवंशिक लुळेपणाशी संबंधित दोष आढळला नाही.’

शनिवारी सकाळी वहिनींनी त्यांना सहालाच उठवलं. “उठा. दोष आढळला नाही.” त्या दिवशी अकरा खुर्च्या एका कचेरीच्या तिसऱ्या मजल्यावर चढवायच्या होत्या. दादांनी चढवल्या. प्रत्येक फेरीला आत्या जिन्याशी उभी राहून मोजत होती.

खरी गोष्ट काय होती ते दोनच माणसांना ठाऊक होतं. अहवाल खरा होता. फक्त तो दादांचा नव्हता.

दादा वीतभर लांबीच्या सुईने जाड चामडं शिवत. ती सुई रोज त्यांच्या हातात असे, कधी कधी दातांतही. पण तीच जात अर्ध्या बोटाएवढी होऊन स्वतःच्या दंडाकडे यायला लागली, की हा माणूस दाराबाहेर असे. शाळेत लस टोचायला आले तेव्हा ते कुंपणावरून गेले होते. पडी इतकी वर्षं येऊनही त्यांचं रक्त कुणी पाहिलं नव्हतं ते त्यामुळेच. म्हणून रुग्णालयाने रक्त मागवलं, तेव्हा दादांनी मास्तरांना गाठलं. मास्तर म्हणजे वहिनींचे धाकटे भाऊ, गणिताचे शिक्षक. दुसऱ्याच्या नावावर परीक्षेला बसलेला तोतया पकडण्यात त्यांचा हात धरणारा अख्ख्या शिक्षण खात्यात नव्हता. मास्तर सकाळी गेले, दादांच्या नावावर बसले, बाही वर केली आणि परत आले. पुढच्याच आठवड्यात त्यांच्या घरी पाय लांब करायची सोय असलेली एक हिरवी आरामखुर्ची पोचली.

“रक्त ते रक्त,” दादा तेव्हा म्हणाले होते. “लाल असलं म्हणजे झालं.”

*

रविवारी दुपारी सव्वातीन वाजता कारखान्याच्या वरच्या खोलीत सगळे जेवून टेबलाभोवती बसले होते. जेवण मास्तरांनी ठेवलं होतं, ‘भावजी बरे झाल्याच्या आनंदात’. बटाटे, पाव, वर केक. दादांनी दुःखात तीन तुकडे खाल्ले होते.

“चार वाजता भूल देणाऱ्या बाईंचा फोन येणार आहे,” टाचणी म्हणाली. तिच्या पित्ताशयात खडे होते आणि मंगळवारी शस्त्रक्रिया. “सांगून टाकते, बाबांचं काही नाही, आमच्या घराण्यात काही नाही. सुटले बाई एकदाची.”

दादांचा चमचा बशीवर वाजला.

“काही नाही म्हणून कशाला सांगायचं?” ते म्हणाले. “असेल असं सांगावं. सांगायला काय जातं?”

“काय जातं? बाबा, सहा आठवडे मी उकडलेला भोपळा खातेय! तुमच्या त्या पडीचा निकाल लागेपर्यंत त्यांनी माझं पुढे ढकललं. आता पुन्हा ‘असेल’ म्हटलं तर पुन्हा थांबवतील. परवा रात्री पोटात कळ आली तेव्हा मी भिंत धरून उभी होते. तुम्ही घोरत होता.”

“निरोगी माणसाला झोप चांगली लागते,” वहिनी म्हणाल्या.

हा सगळा घोळ टाचणीच्या एका खरेपणाने सुरू झाला होता. रुग्णालयाच्या अर्जावर ‘घराण्यात स्नायूंचा काही आजार?’ असा रकाना होता. सगळे लोक तिथे आडवी रेघ मारतात. टाचणीने लिहिलं, ‘आजोबा आणि बाबा अधूनमधून लुळे पडतात, विशेषतः जेवणानंतर.’ ते वाचून भूलतज्ज्ञ बाई खुर्चीतून उठल्या आणि अख्ख्या कुटुंबाची रवानगी जनुकांचं बघणाऱ्या बाईंकडे झाली.

त्या बाईंनी कागदावर चौकोन आणि गोल काढले होते. चौकोन पुरुष, गोल बायका. आजोबांचा चौकोन त्यांनी काळा केला, दादांचाही केला, आणि टाचणीच्या गोलात प्रश्नचिन्ह घातलं. स्नायूच्या पेशीला बारीक बारीक दारं असतात, क्षार आत-बाहेर सोडणारी, असं त्यांनी समजावलं. ते दार कसं घडवायचं याचा नमुना प्रत्येकाकडे दोन प्रतींत असतो, एक आईची, एक वडिलांची. या आजारात त्यातली एकच प्रत चुकलेली असली तरी पुरतं. मग दार गळकं होतं. भरपेट गोडधोड खाल्लं किंवा अंगमेहनत करून नुसतं बसून राहिलं, की रक्तातलं पोटॅशियम पेशींत जाऊन दडतं आणि स्नायू संपावर जातात.

“म्हणजे कापायचे कागदी नमुने दोन, त्यातला एक वाकडा,” आत्या लगेच म्हणाली होती. “पोराला कुठला लागला ते बघायचं.”

“बरोबर. दर मुलामागे अर्धी शक्यता. दरवेळी नव्याने नाणं उडवायचं. आणि बायकांमध्ये तो पुष्कळदा लपून राहतो.” मग बाई टाचणीकडे वळल्या. “तुम्हाला अजून त्रास नाही, पण नमुना असेल, तर शस्त्रक्रियेत साखरेचं सलाईन आणि थंडी यांनी पहिला झटका तिथेच, टेबलावर येऊ शकतो. आधी माहीत असलं की सगळं टाळता येतं. माहीत नसलं तर मग अवघड. म्हणून आधी वडिलांचं रक्त तपासू, त्यांच्यात चूक सापडली की तुमच्यात नेमकी तीच शोधू.”

दादांनी तेव्हा हे सगळं ऐकलं होतं, पण सुई येणार या धास्तीत त्यातलं निम्मंच आत गेलं होतं. उरलेलं निम्मं आज, केकच्या तिसऱ्या तुकड्यानंतर, आत गेलं. साखरेचं सलाईन. टेबल. माहीत नसलं तर.

भिंतीवरच्या घड्याळात चारला वीस कमी होते.

“मी काय म्हणतो,” दादा म्हणाले. “ते रक्त माझं नव्हतं.”

वहिनी हसल्या. एकतीस वर्षांत दादांनी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं, आणि पुन्हा पाहावं असंही त्यांना वाटलं नाही.

“बघा! बघा! एक दिवस खुर्च्या उचलल्या आणि पडी परत हवीशी झाली. मग कुणाचं होतं रक्त? शेजाऱ्याच्या मांजराचं?”

“मास्तरांचं.”

मास्तरांनी हातरुमालाने तोंड पुसलं. वर्गात उत्तर येत नसलेल्या मुलाकडे बघावं तसं त्यांनी मेहुण्याकडे बघितलं. “भावजी,” ते हळुवार आवाजात म्हणाले, “माणसाला सवय सोडवत नाही, हे मी समजू शकतो.”

“अहो मास्तर, बाही कुणी वर केली?”

“मी रोजच वर करतो. फळ्यावर लिहायचं असतं.”

“बाबा, पुरे,” टाचणी म्हणाली. तिचा आवाज आता खेळकर नव्हता. “भांडी नका घासू. मी घासते. पण माझं ऑपरेशन लांबवू नका.”

दादा तिच्याकडे बघत राहिले. ही पोर चार वर्षांची असताना पडी आली की सोफ्याशी येऊन त्यांचा हात उचलायची, सोडायची, तो धप्पकन पडला की खदाखदा हसायची. “बाबा मोडले,” म्हणायची. तेव्हा तिला खरी पडी आणि पदरची पडी यातला फरक कळायचा. हात खोटा पडत नाही. पण पुढे ती मोठी झाली, शहाणी झाली आणि हात उचलून बघायचं तिने सोडलं.

“टाचणे, ऐक. मी सुईला भ्यालो. एवढंच झालं. मी लबाड आहे, शंभरदा आहे, तुझ्या आईने भांड्यांवर काढलेली वर्षं मी सोफ्यावर काढली, सगळं कबूल. पण त्यातल्या आठ-दहा दरवर्षी खऱ्या होत्या. त्या जर तुझ्यात उतरल्या असतील तर...”

“दरवर्षी आठ-दहा?” वहिनी म्हणाल्या. “आणि बाकीच्या पन्नास?”

“त्या सणसणीत खोट्या.”

एवढ्या वर्षांत दादांनी बायकोला दिलेलं हे पहिलं सरळ उत्तर होतं, पण ते ज्या क्षणी दिलं तो क्षण साफ चुकला. वहिनी ताडकन उठल्या. “ऐकलंत मास्तर? पन्नास गुणिले एकतीस किती?”

“एक हजार पाचशे पन्नास,” मास्तर सवयीने म्हणाले.

“एक हजार पाचशे पन्नास! आजची सगळी भांडी तुम्ही घासायची. उठा. आत्ता उठा.”

दादा उठायला गेले.

पायांनी सांगितलं, आज नाही.

खरं म्हणजे त्यांना अर्ध्या तासापासून मांड्या जड वाटत होत्या. काल अकरा खुर्च्या, आज बटाटे-पाव-केक, त्यावर एवढा वेळ आरोपीसारखं एका जागी बसणं. जनुकांच्या बाईंनी सांगितलेली सगळी कारणं त्यांनी दोन दिवसांत ओळीने पार पाडली होती. त्यांनी टेबलाची कड धरली, कडही सुटली, आणि ते खुर्चीत जसेच्या तसे राहिले.

“आली,” ते म्हणाले.

“काय आली?”

“पडी.”

“अगदी वेळेवर!” वहिनींनी टाळी वाजवली. “भांड्यांचं नाव काढायचाच अवकाश!”

“भावजी, हे बरं दिसत नाही,” मास्तर म्हणाले.

“बाबा, प्लीज,” टाचणी म्हणाली आणि तिने तोंड फिरवलं.

दादांनी आयुष्यभर खोटी पडी झकास वठवली होती. तिच्यात कण्हणं असे, कपाळावर हात असे, पाण्याचा घोट मागणं असे. खऱ्या पडीत यातलं काहीच नसतं. माणूस नुसता बसलेला दिसतो. त्यामुळे आजची पडी अगदीच सुमार दर्जाची वठली होती. त्यांना हसू आलं. मग घड्याळ दिसलं, आणि ते गेलं.

आत्या उठली, खाली कारखान्यात गेली आणि खिळे ठोकायची छोटी हातोडी घेऊन वर आली.

“आत्या, मारू नको त्यांना,” वहिनी दचकून म्हणाल्या.

“मारत नाही. जनुकांच्या बाईंनी मला सांगितलं होतं, गुडघ्याखाली ठोकलं की पाय उडतो. निरोगी माणसाने कितीही ठरवलं तरी उडतो. खऱ्या झटक्यात मात्र तो उडत नाही. हे नाटक करून जमत नाही म्हणे. मास्तर, तुम्ही निरोगी ना?”

“तसा...”

“पायावर पाय टाका.”

आत्याने तीस वर्षं खिळे ठोकले होते. हातोडी नेमक्या जागी बसली. मास्तरांचा पाय टेबलाखालून असा उडाला की उरलेला केक त्यांच्या स्वतःच्या मांडीवर आला.

“हं. आता दादा.”

तिने स्वतःच त्यांचा पाय उचलून दुसऱ्या पायावर ठेवला. ठोकलं. काही नाही. जागा बदलून पुन्हा ठोकलं. पाय कापड भरलेल्या पिशवीसारखा लोंबत राहिला. दुसरा पाय. तोही तसाच.

टाचणी हळूच पुढे आली. तिने बाबांचा हात उचलला आणि सोडला. हात धप्पकन पडला. ती हसली नाही.

आत्या हातोडी तळहातावर आपटत मास्तरांकडे वळली.

“मास्तर, कारखान्याच्या दारावर पाटी काय आहे?”

“बिनचिठ्ठीची वस्तू बाहेर जाणार नाही.”

“आमच्या बाबांच्या वेळेपासून प्रत्येक खुर्चीच्या पायाला गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी असते. महिन्यापूर्वी इथून एक हिरवी आरामखुर्ची गेली. पाय लांब करायची. तिला चिठ्ठी नव्हती. मी तेव्हापासून विचार करतेय, ही कुणाची आणि कशाबद्दल?”

मास्तरांनी मांडीवरचा केक बघितला. मग टाचणीकडे बघितलं, आणि तिथेच त्यांचा मास्तरपणा गळाला.

“मला वाटलं नुसती औपचारिकता आहे,” ते म्हणाले. “हिच्यापर्यंत येईल असं... टाचणे, देवाशपथ, हिशेबातच नाही आलं.”

“गणिताचे शिक्षक ना तुम्ही, मामा?” टाचणी म्हणाली. पुन्हा टोचायला लागली होती. दादांना बरं वाटलं.

वहिनी नवऱ्यासमोर उभ्या होत्या. शेवटी सवयीनेच तोंडातून आलं, “अहो, उशी हवी का?”

“नको,” दादा म्हणाले. “आज खरंच नको.”

फोन वाजला. चार वाजले होते.

टाचणीने सगळं सांगितलं. मधे एकदा ‘मामांचं’ हा शब्द तिला तीनदा उच्चारावा लागला. मग पलीकडून प्रश्न सुरू झाले. “हो... बोलता येतंय, फार बोलता येतंय... श्वास व्यवस्थित आहे... नाही, आता काही खायला नाही देत.” तिने फोन ठेवला. “बाबांना आत्ताच्या आत्ता आणायला सांगितलंय. अंगात पडी असताना रक्त घेतलं तर पोटॅशियम तासाभरात कळतं. हृदयाचा आलेखही काढायचाय. जनुकांची तपासणी पुन्हा होईल, पण तोवर माझ्यात आहे असंच धरून सगळं करणार. साखरेचं सलाईन नाही, खोली उबदार. मंगळवार मंगळवारीच.”

“रक्त घेतलं तर,” दादा म्हणाले. बाकीचं त्यांनी ऐकलंच नव्हतं.

रुग्णवाहिकेला पाऊण तास लागणार होता आणि कारखान्याचा टेम्पो दारात होता. चौघांनी मिळून दादांना खुर्चीसकट जिन्यावरून उतरवलं. पुढे मास्तर होते. वजन त्यांच्याच बाजूला यावं अशी व्यवस्था आत्याने केली. टेम्पोत नमुन्याचा सोफा आधीच चढवला होता. दादांना त्यावर निजवलं, पट्ट्यांनी बांधलं, आणि टेम्पोचं दार लागणार तेवढ्यात आत्या म्हणाली, “थांबा.”

तिने खिशातून चिठ्ठी काढली, पेन्सिल जिभेला लावली, काहीतरी लिहिलं आणि ती चिठ्ठी दादांच्या सदऱ्याच्या वरच्या बटणाला घट्ट बांधली.

वाटेत टाचणी सोफ्याच्या कडेला बसली होती. टेम्पो वळला की ती बाबांचं डोकं सावरत होती.

“बाबा, माझ्यात असेल तर?”

“अर्धी शक्यता.”

“ते मला माहितीय. असेल तर?”

दादांनी विचार केला. त्यांच्याजवळ विचार करण्यापलीकडे हलवण्यासारखं काही नव्हतंच. “असेल तर खरी तेवढीच घे,” ते म्हणाले. “पदरची घालू नको. नाहीतर खरी आली त्या दिवशी कुणी उभं करत नाही.”

टाचणीने त्यांच्या बटणावरची चिठ्ठी सरळ केली आणि बाहेर बघत बसली. मग न बघताच तिने त्यांचा हात उचलून आपल्या मांडीवर ठेवला. या खेपेला सोडला नाही.

रुग्णालयात एक तरुण परिचारिका आली. हातात ट्रे, ट्रेमध्ये ती अर्ध्या बोटाएवढी सुई. दादांची नजर दाराकडे गेली. दार उघडं होतं, जेमतेम सहा पावलांवर. पलीकडे बाग होती, कुंपण बुटकं होतं. त्यांनी पायांना शेवटचं विचारून पाहिलं.

“रुग्णाची ओळख?” परिचारिकेने विचारलं.

“बटणाला आहे,” आत्या म्हणाली.

परिचारिकेने वाकून मोठ्याने वाचलं. “‘दादा. मूळ माल. बदली चालणार नाही.’” तिने एकदा आत्याकडे, एकदा मागे पाठमोऱ्या उभ्या असलेल्या मास्तरांकडे बघितलं आणि काही न विचारता दंडाला पट्टा बांधला. आत्याही तोवर शेजारच्या खुर्चीत बसून आपली बाही वर करत होती. “माझ्याही गोलात काय आहे ते बघून टाका,” ती म्हणाली. “हिवाळ्यात सकाळी हातोडी धरवत नाही मला. तीस वर्षं मी आपली थंडीला शिव्या देतेय.”

परिचारिकेने सुईवरचं टोपण काढलं.

“जरासं टोचेल हं, काका. हात अजिबात हलवायचा नाही.”

“तेवढी काळजी,” दादांनी डोळे गच्च मिटले, “आज करू नका.”